महागडं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन कसं पारखायचं, आणि त्याचे जास्तीचे पैसे नक्की कशाचे असतात

मागच्या महिन्यात रेंजवरून परत येताना मित्राने विचारलं, अरे दोन्हीत सहा गोळ्या, दोन्ही .३५७ मॅग्नम, दोन्ही चार इंची नळीची, मग एक साडेचारशे डॉलरला आणि शेजारचं पंधराशेला का, कागदी टार्गेटला काय कळतं कुणी मारलं ते. प्रश्न बरोबर होता. मी पार्किंगमध्ये तासभर बडबडलो, त्याच्या बायकोचे तीन फोन येऊन गेले, तेव्हा म्हटलं हे एकदा लिहूनच टाकावं. मी इथे टेक्सासमध्ये पंधरा वर्षं आहे पण त्याआधी मिरजेच्या एमआयडीसीत टूलरूमला होतो, त्यामुळे हे सगळं मला बंदुकीपेक्षा फिटिंगचं प्रकरण म्हणून जास्त आवडतं, आणि लिहिणार पण तसंच आहे.

आधी कायद्याचं उरकून घेतो. अमेरिकेत एचवनबी किंवा स्टुडंट अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, राज्याचं शिकारीचं लायसन असल्यासारखे मोजके अपवाद सोडून, आणि रेंजवर भाड्याने घेऊन मारणं पण त्यातच मोजलं जातं, तेव्हा "सगळे मारतात की" या भरवशावर जाऊ नका, ग्रीनकार्डाचा घास कुठे अडकेल सांगता येत नाही. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असेल तर लायसनवाल्या डीलरकडे फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, हँडगनला वय २१ पूर्ण लागतं आणि ती स्वतःच्या राज्यातल्या डीलरकडूनच घ्यावी लागते. राज्याराज्याचे नियम वरून वेगळे. बास, पुढे.

आता रिव्हॉल्व्हरच्या पोटात काय चालतं ते समजलं की किमतीचं अर्धं कोडं तिथेच सुटतं. तुम्ही चाप ओढता तेव्हा आतली एक छोटी पट्टी, तिला हँड म्हणतात, ती वर सरकते आणि सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलते, सिलिंडर एक घर पुढे फिरतं, तेवढ्यात खालून एक खुंटी वर येऊन सिलिंडरच्या बाहेरच्या खाचेत टक्कन बसते, आणि मग घोडा सुटतो. हे सगळं अर्ध्या सेकंदात. आता गंमत अशी की पिस्तूलमध्ये चेंबर आणि नळी एकच असते, इथे मात्र सहा वेगवेगळी चेंबर आणि एक नळी, मधे फट, आणि गोळीने त्या फटीवरून उडी मारून नळीत शिरायचं. म्हणजे सहाच्या सहा घरं दर वेळी नळीच्या बरोब्बर समोर येऊन उभी राहिली पाहिजेत. दोन-तीन थाऊचा (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक पडला तरी गोळी नळीच्या तोंडाला घासून आत जाते, शिसं सोलून निघतं आणि ते बाजूच्या फटीतून फवाऱ्यासारखं बाहेर येतं.

माझं पहिलं रिव्हॉल्व्हर असंच होतं. सेकंडहँड, स्वस्त, कंपनीचं नाव घेत नाही कारण तिचीच इतर पुष्कळ चांगली निघालेली पाहिली आहेत. दीडेकशे गोळ्यांनंतर शेजारच्या लेनमधला म्हातारा गालाला हात लावत माझ्याकडे आला, बोटावर शिशाचा बारीक कण. काही बोलला नाही, फक्त म्हणाला की टायमिंग बघून घे. मला तेव्हा टायमिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, म्हणजे घर वेळेवर नळीसमोर येऊन अडकतं का ते.

मिरजेत सतारमेकर गल्लीत ज्यांनी तंबोऱ्याची जवारी काढताना कुणाला बघितलंय त्यांना हे लगेच समजेल. भोपळा तोच, तारा त्याच, घोडीवर कानसेने दोन हात कमी-जास्त मारले की तंबोरा एक तर बोलतो नाही तर ठणठण करतो, आणि ते दोन हात मारायला वीस वर्षं लागतात. (तिथे पण घोडी आणि इथे पण घोडा, योगायोग.) रिव्हॉल्व्हरमध्ये हँड, खुंटी, दातेरी चकती हे पार्ट मशीनवर साधारण मापाला निघतात, पण एकमेकांना जुळवायला कुणीतरी माणूस बसून कानस मारतो, बसवून बघतो, परत काढतो, परत मारतो. महागड्या रिव्हॉल्व्हरमध्ये तुम्ही त्या माणसाच्या तासांचे पैसे देता. स्वस्तात ते तास नसतात, त्यामुळे पार्ट जरा सैल ठेवतात, म्हणजे न जुळवता कुठलाही कुठेही बसेल.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कोल्ट पायथन. १९५५ साली आलं, किंमत १२५ डॉलर, त्या काळात हे भरपूरच होतं. नळीवर हवेशीर खिडक्यांची पट्टी, नळीखाली पूर्ण लांबीचा लोखंडी भार, आणि रॉयल ब्लू नावाचं फिनिश की ज्यात तोंड बघून भांग पाडावा. पण जाणकार ज्यासाठी जीव टाकतात तो भाग वेगळा. जुन्या कोल्टमध्ये चाप पूर्ण ओढून धरलेला असताना ती हँडची पट्टी सिलिंडरला खुंटीवर दाबून ठेवते, त्यामुळे घोडा पडायच्या क्षणी सिलिंडर हलायला जागाच राहत नाही, लोक म्हणतात बँकेच्या तिजोरीसारखं बंद. हातात घेऊन चाप ओढून धरा आणि सिलिंडर हलवून बघा, दगड. याची किंमत पण आहेच, कारण जी पट्टी प्रत्येक गोळीला दाब खाते ती झिजते, मग टायमिंग मागे पडतं आणि ते परत जुळवणारे कारागीर आता म्हातारे झालेत, वेटिंग मोठं. म्हणजे घट्टपणा फुकट मिळत नाही, मेंटेनन्समध्ये वसूल होतो. स्मिथ अँड वेसनची पद्धत निराळी, त्यांच्यात त्या क्षणी सिलिंडरला अगदी किंचित हलायची मुभा असते, गोळी नळीत शिरताना स्वतःच घर सरळ करून घेते. ढिलं आहे म्हणून नवखे लोक नाक मुरडतात, पण तो दोष नाही हो, तशीच रचना आहे.

आणि इथे एक मजा सांगतो जी पायथनच्या भक्तांना फारशी आवडत नाही. मॅच खेळणाऱ्या लोकांचे गनस्मिथ एके काळी पायथनची नळी काढून स्मिथच्या फ्रेमवर बसवायचे, त्या प्राण्याला स्मायथॉन म्हणतात, आणि रुगरच्या फ्रेमवर बसवली की कुगर. का, तर कोल्टची नळी सगळ्यांना हवी, गोळीला फिरवणाऱ्या आतल्या आट्यांच्या पिळाचा वेग जास्त, १४ इंचात एक आणि तोही डावा, स्मिथचा पावणेएकोणीस इंचात एक. पण भराभर डबल अॅक्शन, म्हणजे घोडा हाताने न चढवता नुसता चाप ओढून, मारायला चाप मात्र स्मिथचाच बरा. जुन्या कोल्टचा चाप शेवटाकडे जाता जाता जड होत जातो. जेरी मिक्युलेक या नावाजलेल्या नेमबाजाने १९९९ मध्ये सहा गोळ्या, रीलोड, परत सहा, हे सगळं २.९९ सेकंदात केलं ते स्मिथवरच. तेव्हा "सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं" असं काही नसतं, महाग कशासाठी ते बघायचं.

बरं, आता दुकानात काय करायचं ते. खिशात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा), छोटी टॉर्च आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा एवढं न्या. काउंटरवरच्या माणसाला आधी विचारा की रिकामा चाप ओढला तर चालेल का, चांगला दुकानदार हो म्हणतो आणि डमी काडतुसं काढून देतो, नाही म्हणाला तर दुसरं दुकान. हातात आलं की पहिलं काम सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्याने बघायचं आणि एकात बोटाचं टोक घालून बघायचं, त्याने आत्ता तुमच्यासमोर बघितलं असलं तरी. नळी कुणाकडेही नाही, कधीच नाही. उघडायची खुंटी कोल्टमध्ये मागे ओढायची, स्मिथमध्ये पुढे ढकलायची, रुगरमध्ये आत दाबायची. आणि कृपा करून सिनेमात दाखवतात तसं मनगटाला झटका देऊन सिलिंडर फटकन बंद करू नका, ज्या दांडीवर तो लटकतो ती वाकते, सगळं अलाइनमेंट बोंबलतं, आणि दुकानदार तुम्हाला ओळखून ठेवतो तो कायमचा.

पहिली तपासणी टायमिंगची. सिलिंडरवर डाव्या हाताचं बोट अगदी हलकं टेकवा, नावाला ब्रेक लागेल इतकंच, आणि घोडा अंगठ्याने एकदम सावकाश मागे ओढा. कान देऊन ऐका. खुंटी खाचेत बसल्याचा टक आवाज घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी किंवा बरोबर त्याच वेळी यायला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून बोटाने थोडं पुढे ढकलून टक करावं लागलं, तर ते घर लेट आहे. असं सहाही घरांना करायचं, एकावर समाधान मानायचं नाही, कारण दातेरी चकतीचे सहा दात वेगवेगळे झिजतात. मग हेच चाप सावकाश ओढून डबल अॅक्शनमध्ये परत. मी खरं सांगतो, सेकंडहँड बाजारात निम्मी भानगड इथेच पकडली जाते, आणि दहापैकी नऊ गिऱ्हाईकं हे न करता नळीचा चकचकाट बघून पैसे मोजतात.

मग घोडा मागे अडकवून ठेवायचा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्यावर मागून बेताचा दाब द्यायचा. पडला तर ते रिव्हॉल्व्हर खाली ठेवून द्या, भाव विचारूच नका. बहुतेक वेळा कुणीतरी घरी बसून चाप हलका करायला कानस मारलेली असते.

फिलर गेज काढा. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायची. ४ ते ८ थाऊ म्हणजे छान, ६ असेल तर डोळे झाकून पुढे जा, १० च्या वर गेलं की वायू आणि वेग दोन्ही बाहेर गळतात आणि बाजूला फवारा येतो. उलट ३ च्या खाली असेल तरी फार खूश होऊ नका, पन्नास गोळ्या मारल्या की तापून आणि काजळी धरून सिलिंडर घासायला लागतं, आणि चाप एकदम पहाडासारखा होतो. आता सिलिंडर बोटाने मागे दाबून एकदा मोजा, पुढे दाबून एकदा मोजा, दोन्हीतला फरक म्हणजे पुढे-मागे होणारी खेळ, इकडे त्याला एंडशेक म्हणतात. एक-दोन थाऊ असणारच. चार-पाच असेल तर त्याने पूर्वायुष्यात मॅग्नम गोळ्यांचा पुष्कळ मार खाल्लेला आहे. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट सहाही घरांना जवळजवळ सारखी येते, स्वस्तात एका घराला पाच आणि पलीकडच्याला आठ, म्हणजे सिलिंडरचं तोंड काटकोनात कापलेलंच नाही. हे मी स्वतः मोजलंय, आणि टूलरूमवाल्याला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

आता सिलिंडर उघडं ठेवून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि पुढून नळीत बघा. आटे स्वच्छ दिसतात का, कुठे काळा वर्तुळाकार डाग किंवा फुगवटा आहे का. नळीचं मागचं टोक, म्हणजे गोळी जिथे उडी मारून शिरते तो नरसाळ्यासारखा भाग, तो नीट बघा, विशेषतः खालची बाजू. स्मिथच्या मॉडेल १९ मध्ये, ते पण १९५५ चंच, अतिशय देखणं आणि हलकं, तिथे सिलिंडरच्या दांडीला जागा द्यायला नळीची खालची कड सपाट कापलेली असते, आणि हलक्या वजनाच्या वेगवान १२५ ग्रेनच्या मॅग्नम गोळ्या भरपूर मारल्या की बरोबर तिथेच तडा जातो. म्हणून तर १९८० च्या सुमाराला त्यांनी थोड्या मोठ्या फ्रेमची ५८६ आणि ६८६ काढली. मॉडेल १९ घ्यायचंच असेल, आणि घ्यावं असंच आहे ते, तर तडा बघा आणि नंतर त्याला रोज .३८ स्पेशल, म्हणजे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारं कमी जोराचं काडतूस, चारा, मॅग्नम सणासुदीला. नळीच्या वर फ्रेमला एक बारीक रेघ जळालेली दिसेल, तिला घाबरू नका, ती थोडी खोल होते आणि थांबते.

घरांच्या पुढच्या तोंडाचं माप हा अजून एक लपलेला मामला. सहाही तोंडं एकाच मापाची हवीत, .३५८ च्या आसपास. एक घर घट्ट आणि एक सैल असेल तर तुम्ही कितीही छान मारा, टार्गेटवर गोळ्या दोन गटात पडणार. दुकानात याला सोपा उपाय म्हणजे एक .३५८ ची शिशाची नुसती गोळी खिशात ठेवायची आणि प्रत्येक घरात पुढून टेकवून बघायची, किंचित दाबाने सरकली पाहिजे, घरंगळत आत गेली की सैल. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

चापाबद्दल लोक फार काव्य करतात. मी एवढंच बघतो की ओढताना वाळू लागते का. कंपनीतून निघालेल्या साध्या रिव्हॉल्व्हरचा डबल अॅक्शन चाप साधारण १० ते १२ पाउंडाचा, म्हणजे साडेचार ते साडेपाच किलो, आणि उत्तम जुळवलेल्याचा आठ-नऊ पाउंड. आकड्यापेक्षा प्रवास बघा. चांगला चाप विहिरीतून भरलेली बादली रहाटावर ओढावी तसा एकसारखा येतो, वाईट चाप मधे दोनदा अडकतो, खरखरतो, मग अचानक सुटतो. सोडताना पण बघा, तो पुढे जोमात परत आला पाहिजे, कारण काही लोक हलका करायच्या नादात आतली स्प्रिंग कापतात आणि मग चाप हलका होतो खरा, पण परत येताना आळशी होतो आणि घोडा एवढा मऊ पडतो की जाड टोपीचं काडतूस फुटतच नाही. सेकंडहँडमध्ये "अॅक्शन जॉब केलेला आहे" असं अभिमानाने सांगितलं की मी दुप्पट सावध होतो.

फिनिशचं मात्र खरंच बघण्यासारखं असतं, आणि पैसे कुठे गेले ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ब्लूइंग म्हणजे रंग नाही, पोलादाचाच पृष्ठभाग रसायनाने काळानिळा केलेला असतो, त्यामुळे त्याच्या खाली जे असेल ते सगळं वर दिसतं. आरशासारखा ब्लू पाहिजे तर आधी पोलाद आरशासारखं घासावं लागतं, एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या चाकांवर, आणि तेही सपाट जागा सपाट राहून आणि कडा कडाच राहून, हात जरा चुकला की कड गोल झाली. स्वस्त बंदुकीला म्हणूनच बारीक मण्यांचा मारा करून मॅट करतात, मशीनच्या खुणा त्यात गडप. ट्यूबलाइटखाली धरा आणि फ्रेमच्या सपाट बाजूवर दिव्याची रेघ पडू द्या. रेघ सरळ राहिली तर काम उत्तम, लाटा मारल्या तर घाई झालेली. बाजूच्या झाकणाची सांध शोधा, चांगल्या जुन्या स्मिथवर ती शोधावीच लागते, नखाला लागत नाही. आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार आहेत का, स्क्रूच्या भोकांची तोंडं बशीसारखी खोलगट झालीत का ते बघा, झाली असतील तर ते मागाहून घासून परत ब्लू केलेलं आहे, दिसायला नव्यापेक्षा छान आणि संग्राहकांच्या लेखी भाव धाडकन खाली.

मग स्वस्त ते सगळं टाकाऊ का, तर अजिबात नाही. रुगरचं जीपी१०० बघा, १९८५ पासून आहे. फ्रेम ओतीव, घडीव नाही, आणि ओतीव म्हटलं की आपल्याकडचे लोक बिडाचा तवा डोळ्यासमोर आणतात, पण मेणाचा साचा करून केलेलं हे ओतकाम फार अचूक असतं, आणि त्यांनी फ्रेमला बाजूचं झाकणच ठेवलेलं नाही, सगळं एकसंध. दिसायला बैल, चालायला पण बैल, मॅग्नम कितीही मारा. चापाला थोडी वाळू असते, दोन हजार वेळा रिकामा ओढला की निम्मी जाते. तसंच साच्यात धातूची भुकटी दाबून भाजून केलेले घोडे आणि चाप, हल्ली मोठमोठ्या कंपन्या तेच वापरतात, त्याला जुने लोक शिव्या घालतात पण ते मापाला इतके सारखे निघतात की कानस मारायची गरजच कमी पडते. कारागीर कमी झाला, सरासरी सुधारली, आणि "एखादंच अप्रतिम" हा प्रकार पण कमी झाला, असा तो सौदा आहे. २०२० च्या जानेवारीत कोल्टने पायथन परत आणलं ते १,४९९ डॉलरला, स्टेनलेस, आत पार्ट कमी केलेले आणि बरंचसं काम आधुनिक मशीनवर. जुने भक्त रडले, पण चाप जुन्यासारखा शेवटी जड होत नाही आणि त्या हँडच्या झिजेची पण तितकी भीती नाही, मला तर रोजच्या वापराला नवीनच बरं वाटतं. बोला.

अगदी स्वस्त नवीन घेणार असाल तर माझं म्हणणं एवढंच की ते लॉटरीसारखं असतं, चांगलं लागलं तर दहा वर्षं काही होत नाही, वाईट लागलं तर कंपनीकडे पाठवणी. ऑनलाइन न मागवता दुकानात एकाच मॉडेलची तीन काढायला लावा आणि तिन्ही वरच्यासारखी तपासा, तिघांत एक नक्की बरं निघतं. महागात तुम्ही हे न तपासण्याची सोय पण विकत घेत असता, तरी तपासायचंच.

आता पायथनच्या पण वरची मंडळी. फ्रान्समधलं मान्युरँ एमआर७३, १९७३ चं, त्यांच्या जीआयजीएन या पोलीस कमांडो तुकडीने वापरलेलं. हे सुंदर दिसावं म्हणून महाग नाहीये, रोज जड .३५७ गोळ्यांनी सराव करून पण ढिलं पडू नये म्हणून बांधलंय, नळी थंड पोलादावर हातोडीचे मार देऊन घडवलेली, आणि आत चापाचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो. जर्मनीचं कॉर्थ, त्यात सिलिंडर बटण दाबून पूर्ण निघतं आणि जागी ९ एमएमचं सिलिंडर बसतं, हे वाचायला सोपं आहे पण दोन वेगळी सिलिंडरं एकाच फ्रेममध्ये तेवढीच घट्ट बसवणं म्हणजे काय ते फिटरला विचारा. आणि अमेरिकेतच वायोमिंगमधल्या फ्रीडम नावाच्या गावातली फ्रीडम आर्म्स, त्यांचं मॉडेल ८३ पाच गोळ्यांचं, .४५४ कसूल काडतुसाचं. यांची पद्धत मला सगळ्यात आवडते. सिलिंडर आधी फ्रेममध्ये बसवून, जागेवर लॉक करून, मग नळीच्याच रेषेवरून चेंबर पाडतात. म्हणजे घर नळीसमोर येतं का हा प्रश्नच शिल्लक राहत नाही, तिथेच पाडलंय तर येणारच. मिरजेत आम्ही डाय आणि पंच जोडीने बोअर करायचो तोच हिशोब.

एक किंमत अशी पण असते की जिचा लोखंडाशी काही संबंध नाही. स्मिथने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काढलं तेव्हा पहिली रिव्हॉल्व्हरं गिऱ्हाईकाच्या ऑर्डरप्रमाणे बनवून, नोंदणीचं सर्टिफिकेट देऊन विकली, ६० डॉलरला, पहिलं एफबीआयचा प्रमुख हूवर याला. आज तो कागद सोबत असेल तर भाव वेगळाच. १९८२ च्या आसपासपर्यंतच्या स्मिथमध्ये नळीला आडवी पिन आणि मॅग्नम सिलिंडरच्या मागे काडतुसाची कड बुडेल असा खळगा असायचा, शौकीन त्याला जादा मोजतात, मारण्यात फरक शून्य. आणि सिलिंडर उघडायच्या खुंटीच्या वर चावीचं बारीक भोक दिसलं तर ते २००१ नंतरचं कुलूपवालं, त्या भोकासाठी लोक नाक मुरडतात त्यामुळे जुनं बिनभोकाचं महाग. मॉडेल नंबर बघायचा तर सिलिंडर उघडून दांडीच्या खाचेत बघा, पुढच्या डॅशनंतरच्या आकड्यावरून आवृत्ती कळते. संग्रहासाठी घ्यायचं नसेल तर या सगळ्यात एक डॉलर पण जास्त घालू नका.

याचं टोक बघायचं असेल तर आपल्याकडे बघा. १९८० च्या दशकाच्या मध्यात भारतात खासगी लोकांसाठी बंदुकांची आयात बंद झाली, आणि आधीच आलेली इंग्लिश वेब्ली वगैरे तेवढीच राहिली. आमच्या एका लांबच्या काकांकडे लायसनवर असं एक .३२ होतं, त्याला लाखांत मागणी यायची. मी एका सुट्टीत त्यांच्या परवानगीने, त्यांच्या समोर, रिकामं करून सिलिंडर हलवून बघितलं तर बैलगाडीच्या चाकासारखं डुगडुगत होतं. मी तसं म्हटलं तर काका म्हणाले, "अरे विलायती आहे." विषय संपला. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये निर्भीक म्हणून अर्ध्या किलोचं .३२ काढलं ते पण सव्वा लाखाच्या आसपास होतं. तिथला भाव हा लायसन आणि टंचाईचा, तो बघून क्वालिटीचा अंदाज बांधू नये.

मित्राने शेवटी काय केलं ते सांगून टाकतो. दोन शनिवार हिंडलो, फिलर गेज माझं. एका शोकेसमध्ये झळाळतं जुनं महागडं होतं, त्याचा जीव त्याच्यावर बसलेला, पण दोन घरं लेट निघाली आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत, म्हणजे कुणीतरी घासून परत ब्लू केलेलं. दुकानदार म्हणाला की जोरात ओढलं की बरोबर बसतं. ते खरं आहे, जोरात ओढलं की वेगाने सिलिंडर जाऊन बसतंच, म्हणून तर सावकाश ओढून बघायचं असतं. ते तिथेच ठेवलं आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात बिनकुलपाचं वापरलेलं ६८६ मिळालं, फट सहाही घरांना ६, अंगावर होल्स्टरचे ओरखडे पुष्कळ आणि त्यामुळेच भाव उतरलेला. आता त्याला एवढंच सांगितलंय की .३८ मारून झाल्यावर घरांच्या आत पुढे जे कडं साचतं ते ब्रशने काढल्याशिवाय .३५७ भरू नको, आणि त्या दातेरी चकतीच्या खाली न जळलेल्या दारूचा एखादा कण अडकला तरी सिलिंडर जाम होतं, तेव्हा जुना टूथब्रश बॅगेत ठेव.